नलिनीच्या नावाचा शिंपला

"मालन, दार उघड गं, माझे दोन्ही हात गुंतलेत," काकू बाहेरून म्हणाल्या, आणि मी टेबलावरच्या दगडावर घाईघाईने फडकं टाकलं.

फडकं टाकायचं खरं तर काही कारण नव्हतं. दगडात काय निघालंय ते काकूंना दिसलं असतं तरी कळलं नसतं. पण चोराच्या मनात चांदणं. आणि गंमत म्हणजे तोवर मी काही चोरलंही नव्हतं.

काकू म्हणजे आमच्या लॅबमधल्या खांबेटे सरांच्या मिसेस. गेल्या मार्गशीर्षात त्या गेल्या, शहाण्णव वर्षांच्या होऊन. सरांना जाऊन तर तीस वर्षं झाली. आता हे ऐकून दुखावणारं कुणी उरलं नाही, म्हणून सांगते, नाहीतर मी तोंड उघडलं नसतं. ही ब्याऐंशी सालच्या मार्चमधली गोष्ट. तारीख वीस.

मी तेव्हा पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत कामाला होते. काम काय, तर दगडात अडकलेले जुने शिंपले ओरखडा न काढता मोकळे करायचे. शिकले मी सातवीपर्यंत. पण माझे वडील पाथरवट. ते पाटे-वरवंटे, जाती घडवायचे आणि आम्ही बायका-मुली टाकी-हातोडी घेऊन गल्लोगल्ली लोकांच्या गुळगुळीत झालेल्या पाट्यांना टाकीचे घाव घालून ते परत खरबरीत करून द्यायचो. एकदा खांबेटे सरांच्या दारात बसून त्यांच्या पाट्याला टाकी लावत होते, तर हे गृहस्थ पेपर बाजूला ठेवून अर्धा तास माझ्या हाताकडे बघत बसले. मला वाटलं, ह्या माणसाला काही कामधंदा आहे की नाही. शेवटी म्हणाले, "दगडातून शिंपला काढशील का? शिंपला न फोडता?" मी म्हटलं, "दगडातून काय बी काढीन, पण उन्हात बसणार न्हाई." त्यावर सर इतके हसले की काकू बाहेर आल्या. पुढच्या सोमवारी मी लॅबमध्ये होते. वडिलांना वाटलं, पोरगी सरकारी झाली.

त्या दिवशी पाट्याशेजारी आणखी एक जण बसली होती. सरांची मुलगी, नलिनी. घरात नलू. दहा-अकरा वर्षांची, दोन वेण्या, तोंडाचा पट्टा अखंड चालू. "टाकी म्हणजे काय, तिला धार कोण लावतं, तुला लागत नाही का, मला दे ना एकदा." मी दिली. तिने पाट्यावर एक वेडावाकडा घाव घातला आणि काकूंनी तो पाटा शेवटपर्यंत वापरला. त्यानंतर दीड वर्षाने नलू गेली. मेंदूज्वर, चार दिवसांत. सर आणि काकूंना तेवढी एकच मुलगी होती.

सर कच्छमधून दगडांच्या पेट्या आणायचे. तिथं आज नुसती धूळ उडते, पण दोन कोटी वर्षांपूर्वी समुद्र होता म्हणे, आणि त्या समुद्रातले शिंपले तिथल्या पिवळ्या दगडात तसेच राहिलेत. त्यात सरांचा जीव होता पंख्यावर. पंखा हे आमचं लॅबमधलं नाव. हातपंखा उघडावा तसा त्याचा आकार, वरून खाली पन्हळी आणि जोडापाशी दोन बाजूंना दोन कान. ह्याचे नातेवाईक आजही समुद्रात आहेत, आपल्या दोन शिंपा उघडझाप करत चक्क पोहतात. कच्छचे ते पंखे मात्र पार नामशेष झाले, आता जगात कुठंच नाहीत.

नलू गेल्यावर सरांनी दोन वर्षं मान वर केली नाही. मग चौऱ्याहत्तर साली त्यांचा मोठा लेख छापून आला. त्यात पंख्याच्या दोन नव्या जाती होत्या. खालच्या थरातला पंखा फुगीर, वाटीसारखा. त्याला त्यांनी तिथल्या गावाचं नाव दिलं. वरच्या थरातला चपटा, ताटलीसारखा. त्याला नाव दिलं 'पेक्टेन नलिनिए'. नलिनीचा पंखा. कारण तो पहिला चपटा शिंपला नलूनेच उचलला होता, दिवाळीच्या सुट्टीत सरांबरोबर कच्छला गेली होती तेव्हा.

आता त्या दिवशी दगडात काय निघालं ते सांगते, म्हणजे फडक्याचं कळेल.

टेबलावर खालच्या थरातला दगड होता. वाळूच्या पिशवीवर बसवून सकाळपासून मी त्यातल्या फुगीर शिंपेभोवतीचा पिवळा खडा दाभणाने कोरत होते. कडेला आले आणि दाभण अडलं. त्या कडेखाली आणखी एक कड होती, नखाएवढी बारीक. मी भिंग पुढे ओढलं, ब्रश फिरवला. चपटी शिंप. फुगीर वाटीवर झाकण घट्ट बसावं तशी बसलेली, पन्हळीत पन्हळ, कानाला कान, मागचा जोड शाबूत. शिंपला मिटला तो मिटलाच, त्यानंतर कुणी उघडला नव्हता.

दोन जाती नव्हत्याच. प्राणी एकच. फुगीर ती त्याची खालची शिंप आणि चपटी ती वरची.

सरांसारखा माणूस चुकला कसा, असं कुणीही विचारील. पंख्याची एक शिंप फुगीर आणि एक चपटी असू शकते, हे सरांना ठाऊक नव्हतं थोडंच. पण खालच्या थरात शेकड्यांनी फुगीर मिळत, चपटी एकही नाही. वरच्या थरात सगळ्या चपट्या. मध्ये बारा फूट दगड. मिटलेला जोड त्यांच्या हाती कधी लागलाच नाही. काही जातींत दोन्ही शिंपा चपट्या असतात, तशीच ही असणार असं त्यांनी धरलं. समुद्राच्या लाटा हलकी शिंप एकीकडे वाहून नेतात आणि जड दुसरीकडे टाकतात, हे मागाहून कुणीही म्हणेल.

आणि दोन नावांचा प्राणी एकच निघाला की एक नाव मरतं, हे मला माहीत होतं. तीनच वर्षांपूर्वी सरांनी एका इंग्रजाने मागाहून दिलेलं नाव असंच मोडीत काढलं होतं. मी विचारलं होतं, "सर, दोन्हीतलं कुठलं ठेवायचं ते कोण ठरवतं?" सर म्हणाले होते, "ठरवायचं काय त्यात? आधीचं राहतं, मागचं जातं." सरांच्या लेखात गावाचं नाव एकतिसाव्या पानावर होतं. नलूचं तेहतिसाव्या. लॅबमधली ती प्रत मीच शिवली होती, पानं मला पाठ होती.

म्हणजे जाणार होती ती नलू. मी दाभण हातात धरून तशीच बसले होते, आणि नेमक्या तेव्हा काकू आल्या.

त्या त्या दिवशी येणार हे मला ठाऊक होतंच, फक्त दगडाच्या नादात विसरले होते. दर वीस मार्चला, नलूच्या वाढदिवसाला, काकू लॅबमध्ये यायच्या. घरी काही करायच्या नाहीत. खोबऱ्याच्या वड्यांचा डबा घेऊन यायच्या, नलूचा शिंपला बघायच्या, वड्या वाटायच्या आणि जायच्या. त्या वर्षी सर दिल्लीला व्याख्यानाला गेले होते, म्हणून लॅबमध्ये आम्ही दोघीच.

"मला वाटलं, हे नाहीत तर तू तरी भेटतेस की नाही," त्या डबा ठेवत म्हणाल्या.

"मी कुठं जाणार काकू? दगड काय माझ्यामागं चालत येणारेत?"

"चेहरा का असा पडलाय? बरं नाही का?"

"डोळे दुखतायत जरा. सकाळपासून भिंगाखाली बसलेय."

मी कपाटाचा खण ओढला. कापसावर नलूचा शिंपला होता आणि बाजूला सरांच्या अक्षरातली चिठ्ठी. काकू त्याला कधी हात लावत नसत. हात पदरात धरून उभ्या राहायच्या आणि ते परदेशी नाव हळू वाचायच्या, दर वर्षी पहिल्यांदा वाचल्यासारखं.

"बावीस पूर्ण झाली असती," त्या म्हणाल्या. "एव्हाना स्थळं बघत असतो आम्ही. आणि तिने नाकाने कांदे सोलले असते. हा नको, तो नको."

"म्हणजे तुमच्यावर गेली असती."

"चल, मी कुठे काय नाकारलं? हे एकच स्थळ आलं होतं मला." त्या हसल्या, आणि मग हसू तसंच राहिलं नाही. "मालन, एक विचारू? ह्यांना विचारलं तर म्हणतात, काहीतरीच काय. हे नाव आता कुणी काढून टाकू शकत नाही ना गं?"

मी खण धरून उभी होते. पाठीमागे टेबलावर ते फडकं.

"असं का विचारताय?"

"रेशन कार्डावरचं काढलं तेव्हा ह्यांनी मला सांगितलंसुद्धा नव्हतं. मला दुकानात कळलं. गेल्या वर्षी जनगणनेवाला आला, मुलं किती म्हणाला. मी म्हटलं एक. हे आतून आले आणि म्हणाले, नाही, लिहा, कुणी नाही. बरोबरच आहे त्यांचं, खोटं कसं लिहायचं. तिचे फ्रॉक मी बहिणीकडे देऊन टाकले. आता हे एवढंच आहे. हे म्हणतात, जगातल्या सगळ्या पुस्तकांत हे नाव राहणार. आपण दोघं गेलो तरी राहणार."

"राहणारच काकू," मी म्हटलं. "कोण काढतंय?"

त्यांनी माझ्या हातावर दोन वड्या ठेवल्या, माझ्या मुलासाठी आणखी चार कागदात बांधल्या आणि गेल्या. मी कडी लावली.

फार विचार केला असं सांगितलं तर खोटं होईल. मी वडिलांची सगळ्यात बारीक टाकी काढली. फडकं उचललं. शिंपला पिशवीवर उभा बसवला आणि मागच्या जोडावर, जिथं बिजागरी असते तिथं, दोन हलके ठोके दिले. तिसरा लागलाच नाही. दोन कोटी वर्षं मिटलेलं ते तोंड उघडलं. आत पिवळी माती भरलेली, दुसरं काय असणार. तरी मी त्या मातीकडे बघत राहिले. चपट्या शिंपेच्या डाव्या कानाचा तेवढा टवका उडाला.

इथवरही परत फिरता आलं असतं. खरं पाप पुढचं आहे. आमच्या कामात शिंपला साफ झाला की त्याच्यावर बारीक निबेने काळ्या शाईत नंबर घालायचा आणि शाई पुसू नये म्हणून वरून नेलपॉलिशचा हात द्यायचा. कुठल्या गावचा, कुठल्या थरातला, सगळं त्या नंबरात. तो शिंपल्याचा जन्मदाखला. तो नसेल तर कितीही देखणा शिंपला असो, त्याची किंमत नदीतल्या खड्याएवढी. सर नेहमी म्हणायचे, शिंपला फुटला तर रड, पण नंबर चुकला तर मला तोंड दाखवू नकोस. मी फुगीर शिंपेवर खालच्या थराचा नंबर घातला, तो खरा. आणि चपटीवर वरच्या थराचा. नेलपॉलिश वाळेपर्यंत फुंकर घातली. हात जराही कापला नाही माझा, आणि त्याचीच मला अजून लाज वाटते.

दोन दिवसांनी सर परत आले. खुशीत होते, व्याख्यान रंगलं होतं. आल्या आल्या ट्रे बघायला लागले.

"वा, ही चपटी छान निघालीय. वरच्या थरातली? ह्या पेटीत वरच्या थरातला दगड होता?"

"एक होता सर. खाली, कोपऱ्यात."

त्यांनी भिंग लावलं. "डावा कान ताजा तुटलाय."

"टाकी निसटली."

"तुझी?" सरांनी भिंगातून मान वर केली. मला वाटलं, संपलं. पण ते हसले. "अकरा वर्षांत पहिल्यांदा. असू दे, असू दे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. ह्याला आलं म्हणायचं." आणि तो खोटा नंबर त्यांनी स्वतःच्या हाताने रजिस्टरात उतरवला. मला एकदा रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर खालच्या थराचा कुठलाही दगड समोर आला की मी आधी भिंगाने त्याच्या कडा तपासायचे. पुन्हा जोड निघाला तर काय करायचं, हेच डोक्यात. पण निघाला नाही. दर वीस मार्चला काकू आल्या, मी खण ओढला, वड्या खाल्ल्या. माणसाला सवय कशाचीही होते. चार-पाच वर्षांनी तर मला वाटायला लागलं, की मी केलं ते चांगलंच केलं. एका शिंपल्याचा कान गेला, पण एका आईचं लेकरू राहिलं. दगडाला काय त्याचं.

अठ्ठ्याऐंशी साली, दसऱ्याच्या सुमारास, पोस्टाने एक पातळसा लेख आला. कलकत्त्याचा मजुमदार नावाचा तरुण संशोधक, आम्ही त्याचं नावही ऐकलं नव्हतं. सर तेव्हा निवृत्त झाले होते, पण रोज येऊन त्यांच्या जुन्या टेबलाशी बसायचे. मी समोर शिंपला साफ करत होते. त्यांनी पहिलं पान वाचलं, चित्रांचं पान उलटलं, परत पहिल्या पानावर आले. चष्मा काढून पुसला. मग लेख घडी करून खिशात ठेवला.

"आपल्या जागेपासून चार कोसांवर आहे," ते म्हणाले. "शांत पाण्यातला थर. पंधरा मिळालेत त्याला. सगळे मिटलेले. वाटी आणि झाकण."

मी दाभण खाली ठेवलं.

"मालन, माझ्याबरोबर घरी चल. हिला सांगायला हवं, आणि मला एकट्याला ते सांगवणार नाही."

आम्ही रिक्षाने गेलो. काकू ओट्याशी भाजी निवडत होत्या, आम्हाला अशा वेळी बघून हात पुसत बाहेर आल्या. सरांनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं.

"नलूच्या शिंपल्याचं नाव गेलं."

"म्हणजे? कुणी काढलं?"

"कुणी काढलं असं नाही. तो आणि दुसरा, फुगीर, एकच निघाले. माझी चूक झाली होती. एकाच प्राण्याला दोन नावं ठेवता येत नाहीत, नियमाने एक जातं."

काकूंनी सरांच्या तोंडाकडे पाहिलं. "मग दुसऱ्याचं का नाही गेलं?"

काकू उठल्या. "चहा टाकते," म्हणाल्या, "मालन दुपारपासून उपाशी असेल." त्या आत गेल्या, स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. मला तिथं बसवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले, आणि स्वतःला थोडा धीर द्यावा म्हणूनही.

"आधीचं राहतं ना सर, मागचं जातं. गावाचं एकतिसाव्या पानावर होतं आणि नलूचं तेहतिसाव्या. मग काय करणार."

"पानाचा काय संबंध?" सर म्हणाले. "आधी-मागं तारखेवर ठरतं. ही दोन्ही नावं एकाच लेखात, एकाच दिवशी छापली. त्यात धाकटं-थोरलं कुणी नाही."

"मग कुठलं ठेवायचं ते कोण ठरवतं?"

"जो पहिल्यांदा छापून सांगेल, की हे दोन्ही एकच, तो. तो निवडेल ते नाव कायमचं. मजुमदारने गावाचं निवडलं. त्याला सोयीचं वाटलं असेल. त्याचा काय दोष, त्याला नलू कोण ठाऊक?"



"म्हणजे तुम्ही आधी लिहिलं असतं तर?"

"तर काय. मला एक जरी मिटलेला मिळाला असता ना मालन, तर त्याच आठवड्यात लिहून पाठवलं असतं. चूक ती चूक. लोक हसले असते चार दिवस, हसू देत. नाव नलूचं ठेवलं असतं. आणि आणखी एक लिहिलं असतं." सरांनी खिशातला लेख काढला आणि नुसताच हातात धरला. "तो पहिला शिंपला उचलला ना तिने, तेव्हा मला म्हणाली होती, बाबा, हे कशाचं तरी झाकण आहे. मी म्हटलं, नाही गं, ही वेगळी जात आहे. दहा वर्षांच्या पोरीला दिसलं ते मला दिसलं नाही. तिच्या नावाने ते छापलं असतं मी."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसत हसत म्हणतात. त्या दिवसापासून मला ती म्हण ऐकवत नाही. मी सहा वर्षं छातीशी धरून बसले होते की मी ते नाव वाचवलं. ते वाचवायचा एकच रस्ता होता, तो माझ्या टेबलावर आला होता, आणि मीच तो टाकीने फोडला होता.

"सर, मिळाला होता," मी म्हटलं.

"काय?"

"मिटलेला. ब्याऐंशीच्या मार्चमध्ये, तुम्ही दिल्लीला होतात तेव्हा. मी तो उघडला. चपटीवर वरच्या थराचा नंबर घातला, तो खोटा आहे. टाकी निसटली नव्हती सर. माझी टाकी निसटत नाही."

सर बसले. मला वाटलं होतं ओरडतील, हाकलून देतील. पण त्यांनी विचारलं ते असं, जसं एखाद्या दगडाबद्दल विचारावं.

"जोड शाबूत होता?"

"पूर्ण."

"आणि थर खालचा. नक्की?"

"नक्की."

"ब्याऐंशी. म्हणजे मजुमदारच्या सहा वर्षं आधी." त्यांनी कपाळ चोळलं. "का केलंस?"

"नलूचं नाव जाईल म्हणून. मला वाटलं पान आधीचं..." मी रडले, पदर तोंडात धरून, आतून ऐकू जाऊ नये म्हणून.

"मला विचारायचं होतंस."

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही खरं तेच छापलं असतं."

"हो ना," सर म्हणाले. "तेच तर म्हणतोय मी."

आत कपबश्या वाजल्या. सरांनी खिशातला रुमाल काढून माझ्यापुढे केला. "उद्या रजिस्टर दुरुस्त कर. माझ्या अक्षरात आहे ते खोडून तुझ्या अक्षरात खरं लिही, खाली तारीख घाल. दगडाची खोटी नोंद ठेवायची नाही." मग ते पुढे वाकले आणि एकदम हळू म्हणाले, "हिला सांगू नकोस."

"सर, मला काकूंच्या पाया पडू द्या एकदा."

"नको. नियमाने गेलं म्हटल्यावर ती सोसेल. बाकी सगळं तिने सोसलंच आहे. पण नाव वाचू शकत होतं आणि आपल्याच माणसाने ते घालवलं, हे नाही सोसायची. आणि तू येशील-जाशील ना, तेसुद्धा जाईल तिचं. मी असेपर्यंत सांगायचं नाही आणि मी गेल्यावरही नाही. कळलं?"

काकू ट्रे घेऊन आल्या. त्यांचे डोळे लाल होते, पण तोंड धुतलं होतं. माझे डोळे बघून त्यांना वाटलं असेल, हिलाही नलूचंच वाईट वाटतंय. त्या माझ्याशेजारी बसल्या, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हे मला धड काही सांगायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "तू सांग मालन. तू इतकी वर्षं ह्याच्यात आहेस. काहीच करता आलं नसतं का गं कुणाला?"

सर खिडकीकडे बघत होते.

"नाही काकू," मी म्हटलं. "कुणालाच नाही."

"मग ठीक आहे," काकू म्हणाल्या. त्यांनी माझ्या बशीत आणखी एक बिस्कीट ठेवलं. "घे, निवतोय चहा."

मी चहा घेतला.